दादासाहेब मावळंकर : बडोद्यात जन्मलेले लोकसभेचे पहिले अध्यक्ष



दरवर्षी २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. कुसुमाग्रजांच्या प्रतिमेला हार घालतो, मुले कविता म्हणून दाखवतात आणि घरोघरून आणलेला फराळ वाटून खातो. याच तारखेला, १९५६ साली, बडोद्यात जन्मलेल्या एका मराठी माणसाने अहमदाबादेत देह ठेवला. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे ते पहिले अध्यक्ष. त्यांचे नाव गणेश वासुदेव मावळंकर; सगळा गुजरात त्यांना दादासाहेब म्हणत असे.

आपल्यापैकी बहुतेकांचा आठवड्यातून एखादा फेरा लहरीपुऱ्यात होतोच. सुरसागराला वळसा घालून न्यायमंदिराशी यायचे, लहरीपुरा दरवाजातून आत शिरायचे आणि गर्दीतून वाट काढत मांडवी गाठायची. या वाटेवर सयाजीराव महाराजांच्या आठवणी पावलोपावली भेटतात. मावळंकरांचे नाव मात्र मोठ्या माणसांच्या तोंडी क्वचित येते आणि मुलांच्या कानावर तर पडतच नाही. म्हणून या वेळी ‘आपली माणसे’ या विषयासाठी आम्ही दादासाहेबांची निवड केली.

कोकणातून बडोद्यात

मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर भागातील मावळंगे गावचे. आडनावही गावावरूनच पडलेले. पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांच्या काळापासून देशावरची आणि कोकणातली कितीतरी कुटुंबे फौजेच्या, दप्तराच्या, देवळाच्या किंवा शाळेच्या कामासाठी या शहरात आली. आपल्यातल्या अनेकांच्या घरची गोष्ट अशीच सुरू होते.

गणेश वासुदेव यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला. त्या वेळी सयाजीराव महाराज तिसरे गादीवर होते. लक्ष्मीविलास राजवाड्याचे बांधकाम चालू होते आणि लहरीपुऱ्यासमोरचे न्यायमंदिर अजून उभे राहायचे होते. बडोदे कॉलेज नुकतेच कुठे मार्गी लागले होते. शिक्षण हीच मोठी मिळकत, असे मानणारे वारे या शहरात वाहत होते. पुढे दादासाहेबांनी आयुष्यभर शिक्षणसंस्थांसाठी जी खटपट केली, ती पाहिली की या जन्मगावाची आठवण होते.

त्यांचे सुरुवातीचे शिक्षण राजापूर आणि मुंबई इलाख्यातल्या इतर काही गावांत झाले. १९०२ साली ते पुढच्या शिक्षणासाठी अहमदाबादेस आले आणि तिथलेच झाले. गुजरात कॉलेजातून १९०८ साली त्यांनी विज्ञान विषय घेऊन बी. ए. केले. नंतरचे एक वर्ष ते त्याच कॉलेजात दक्षिणा फेलो होते. मग मुंबईच्या सरकारी लॉ स्कूलमधून १९१२ साली कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली करू लागले. त्याच वर्षी गुजरात एज्युकेशन सोसायटीचे मानद चिटणीसपद त्यांच्याकडे आले. वय अवघे पंचवीस.

पत्त्यांचे टेबल सोडून उठलेला वकील

अहमदाबादचे वकील तेव्हा संध्याकाळी गुजरात क्लबमध्ये जमत. वल्लभभाई पटेल तिथे ब्रिज खेळत आणि तरुण मावळंकरही त्यांच्यात असत. एके दिवशी आफ्रिकेहून आलेले गांधीजी क्लबात बोलायला आले. मावळंकर त्यांना ऐकायला खेळातून उठले, तेव्हा वल्लभभाईंनी त्यांची थट्टा केली. हे गृहस्थ तुला गव्हातले खडे निवडता येतात का असे विचारतील आणि त्यातून म्हणे स्वराज्य मिळेल, अशा अर्थाची ती थट्टा होती. मावळंकर तरीही गेले. पुढे काही काळातच वल्लभभाईही त्याच वाटेने गेले, हे सांगायला नको. ही आठवण खुद्द मावळंकरांनीच सांगितलेली आहे.

१९१६ साली ते गुजरात सभेचे चिटणीस झाले. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात याच सभेने शेतकऱ्यांची बाजू उचलून धरली. पीक बुडाले असताना सारा वसूल करू नये, एवढीच मागणी होती. अर्ज लिहिणे, आकडे गोळा करणे, गावोगावच्या पिकाची खरी स्थिती कागदावर आणणे, अशी वकिली शिस्तीची कामे त्या लढ्याला लागत होती. चळवळीत घोषणांइतकेच टिपणांना आणि नोंदींना महत्त्व असते, हे मावळंकर तिथे शिकले असावेत असे आम्हाला वाटते.

असहकाराच्या चळवळीत ते काँग्रेसमध्ये आले आणि १९२१-२२ मध्ये गुजरात प्रांतिक काँग्रेस समितीचे चिटणीस झाले. मधल्या काळात ते स्वराज्य पक्षाकडे झुकले होते; १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पुन्हा गांधीजींच्या मागे उभे राहिले. अहमदाबाद नगरपालिकेवर ते १९१९ पासून १९३७ पर्यंत चार वेळा निवडून गेले आणि तिचे अध्यक्षही झाले. नळ, गटारे, शाळा, रस्ते यांवर भांडणाऱ्या सभासदांना ऐकून घेऊन शेवटी निर्णयापर्यंत नेण्याचे शिक्षण त्यांना तिथेच मिळाले. दिल्लीच्या खुर्चीची पहिली तालीम अहमदाबादच्या नगरपालिकेत झाली म्हणायला हरकत नाही.

या काळात ते अनेक वेळा तुरुंगात गेले. तुरुंगात भेटलेल्या गुन्हेगारांशी त्यांनी मैत्री केली आणि त्यांच्या आयुष्याच्या कहाण्या ऐकल्या. त्यांतून ‘मानवतानां झरणां’ हे गुजराती पुस्तक तयार झाले. ज्यांना समाजाने टाकले त्यांच्यातही माणुसकीचा झरा असतो, हे त्या पुस्तकाचे सार. घरात मराठी बोलणारा माणूस गुजरातीत असे पुस्तक लिहितो, याचे आपल्या शहरात कोणाला नवल वाटणार नाही. आपली मुले तरी दुसरे काय करतात?

मुंबईची खुर्ची आणि दिल्लीची निवडणूक

१९३५ च्या कायद्याप्रमाणे प्रांतांच्या निवडणुका झाल्या आणि १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. १७५ सभासदांच्या त्या विधानसभेत मराठी, गुजराती आणि कानडी असे तिन्ही मुलखांचे प्रतिनिधी होते. सभेच्या अध्यक्षपदी मावळंकरांची निवड झाली. मराठी घरात वाढलेला आणि गुजरातीत व्यवहार करणारा माणूस त्या खुर्चीत शोभून दिसला. १९३९ साली महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. अध्यक्षपद मात्र कायम राहिले आणि १९४६ पर्यंत ते मावळंकरांकडेच होते.

१९४६ साली ते दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेवर निवडून गेले. तिच्या अध्यक्षपदाची निवडणूक २४ जानेवारी १९४६ रोजी झाली. समोर सर कावसजी जहांगीर उभे होते. काँग्रेसपाशी स्पष्ट बहुमत नव्हते, आणि इंग्रज सरकारच्या बाजूचे सभासद काय करणार हे उघड होते. मावळंकरांना ६६ मते पडली, कावसजींना ६३. अवघ्या तीन मतांनी ते निवडून आले.

ज्या सभागृहात जवळजवळ अर्ध्या सभासदांनी आपल्याविरुद्ध मत दिले आहे, तिथे सगळ्यांचा अध्यक्ष म्हणून बसायचे, हे काम सोपे नव्हते. काँग्रेस, मुस्लिम लीग आणि सरकार अशी तीन तोंडे तीन दिशांना होती. बाहेर आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी आणि नौदलातल्या खलाशांच्या बंडाने देश तापला होता. अशा वेळी सभा चालत राहिली. १४ आणि १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री ती जुनी विधानसभा संपली, तोपर्यंत मावळंकर तिचे अध्यक्ष होते.

एकाच घरात दोन कामे

स्वातंत्र्यानंतर एक पेच उभा राहिला. घटना समितीला घटना लिहायची होती आणि रोजचे कायदेही करायचे होते. माणसे तीच, सभागृह तेच, पण कामे दोन. यावर विचार करण्यासाठी २० ऑगस्ट १९४७ रोजी मावळंकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. दोन्ही कामे वेगळी ठेवावीत आणि कायदे करण्याच्या बैठकांसाठी स्वतंत्र अध्यक्ष असावा, असे ठरले. त्याप्रमाणे १७ नोव्हेंबर १९४७ रोजी मावळंकर घटना समितीच्या विधिमंडळ विभागाचे अध्यक्ष झाले. घटना लिहिण्याच्या बैठका राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली होत आणि कायद्याच्या बैठका मावळंकरांच्या.

त्या सभागृहात बडोद्याशी नाते असलेली आणखीही माणसे होती. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले आणि पुढे याच शहरात राहायला जागा न मिळाल्याने अपमान सोसून परत गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री होते. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या हंसाबेन मेहता घटना समितीच्या सदस्य होत्या. पुढे त्या आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल याच सभागृहात मांडले आणि त्यावर कडाक्याचे वादविवाद झाले. एका शहराने काहींना घडवले आणि काहींना दुखावलेही. ती सगळी माणसे देशाच्या कामासाठी एका छताखाली आली होती. हे आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा त्यातली दुखावल्याची बाजूही सांगितली पाहिजे.

पैसे घेऊन प्रश्न विचारणारा सभासद

घटना अमलात आल्यावर निवडणुका होईपर्यंत हंगामी संसद काम पाहत होती आणि तिचे अध्यक्षही मावळंकरच होते. १९५१ साली मुंबईचे सभासद एच. जी. मुदगल यांचे प्रकरण पुढे आले. सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या एका संघटनेकडून पैसे घेऊन ते सभागृहात तिच्या सोयीचे प्रश्न आणि दुरुस्त्या मांडत, असा आरोप होता. सभागृहाने चौकशी समिती नेमली. समितीने आरोप खरे ठरवले. मुदगल सत्ताधारी पक्षाचेच होते, तरीही त्यांना सभागृहातून काढावे असा ठराव पंतप्रधान नेहरूंनी स्वतः मांडला. ठरावावर मत घेण्याआधीच मुदगलांनी राजीनामा दिला. सभागृहाने त्याबद्दलही नापसंती नोंदवली.

सभासदाचा प्रश्न हा मतदाराचा प्रश्न असतो. तो विकत मिळू लागला, तर सभागृहाला अर्थ उरत नाही. हा धडा नव्या संसदेने पहिल्या निवडणुकीआधीच घालून दिला.

१५ मे १९५२

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मावळंकर अहमदाबादेतून निवडून आले. १५ मे १९५२ रोजी लोकसभेने अध्यक्ष निवडला. विरोधकांनी शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे यांना उभे केले होते. म्हणजे लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षपदासाठी समोरासमोर उभे राहिलेले दोघेही मराठी. मावळंकरांना ३९४ मते मिळाली, मोऱ्यांना ५५.

१९४६ मध्ये तीन मतांचे अंतर, १९५२ मध्ये ३३९ मतांचे. आता अडचण उलटी होती. सत्ताधारी पक्ष इतका मोठा की समोरच्या बाकांवर मोजके लोक, आणि तेही वेगवेगळ्या पक्षांचे. विरोधातला सर्वांत मोठा पक्ष कम्युनिस्टांचा, आणि त्याचे सभासद होते १६. अशा सभागृहात सरकारला जाब कोण आणि कसा विचारणार? दादासाहेबांच्या पुढच्या चार वर्षांच्या कामाचा गाभा हाच प्रश्न होता.

जाब विचारण्याची यंत्रणा

त्यांनी त्याचे उत्तर नियमांत शोधले. भाषणे विसरली जातात. नियम आणि समित्या टिकतात. त्यांच्या काळात उभ्या राहिलेल्या काही गोष्टी इथे थोडक्यात सांगतो. शाळेतल्या मुलांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे, नागरिकशास्त्राला उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट प्रश्नोत्तराच्या तासाची. रोजच्या कामाचा पहिला तास सभासदांच्या प्रश्नांचा, ही पद्धत त्यांच्या अध्यक्षतेखाली पक्की झाली. मंत्र्याने सभागृहात उभे राहून उत्तर द्यायचे आणि उपप्रश्नांनाही तोंड द्यायचे. उत्तराने समाधान झाले नाही, तर त्या विषयावर अर्धा तास चर्चा मागण्याची सोयही झाली.

दुसरी गोष्ट पैशाच्या हिशेबाची. १९५० साली अंदाज समिती स्थापन झाली. सरकारी खात्यांचा खर्च काटकसरीने होतो का, हे ही समिती तपासते. खर्चाचे लेखे तपासणारी लोकलेखा समिती आधीपासून होती, पण तिचा प्रमुख खुद्द अर्थखात्याचा असे. घटना आल्यावर ती संसदेची समिती झाली आणि अध्यक्षांच्या देखरेखीखाली काम करू लागली. ज्याने खर्च केला त्यानेच हिशेब तपासायचा, हा प्रकार बंद झाला.

तिसरी गोष्ट आपल्याला फार आवडते. मंत्री सभागृहात सहज म्हणून जातात की, पाहतो, चौकशी करतो, लवकरच करू. पुढे काय होते हे कोणी विचारत नाही. १९५३ साली मावळंकरांनी सरकारी आश्वासनांवरची समिती नेमली. मंत्र्याने दिलेले प्रत्येक आश्वासन वहीत उतरवायचे आणि ते पुरे झाले का, किती दिवसांत झाले, याचा पाठपुरावा करायचा. अशी समिती तोवर इतर कोणत्या संसदेत नव्हती. मंडळाच्या बैठकीत ज्यांनी कधी इतिवृत्त लिहिले आहे, त्यांना या समितीचे मोल वेगळे सांगायला नको!

चौथी गोष्ट तपशिलाच्या कायद्यांची. संसद कायदा करते, पण त्याखालचे नियम खाती बनवतात. ते नियम मूळ कायद्याच्या मर्यादेत आहेत का, हे पाहणारी समितीही १९५३ सालचीच. चर्चेला किती वेळ द्यायचा हे सर्व पक्षांच्या सल्ल्याने ठरवणारी कामकाज सल्लागार समिती त्याच्या आदल्या वर्षीची.

नावाचेही एक सांगायला हवे. या सभागृहाचे घटनेतले इंग्रजी नाव वेगळे होते. १४ मे १९५४ रोजी मावळंकरांनी सभागृहात जाहीर केले की, यापुढे याला लोकसभा म्हणायचे.

नेहरूंना पत्र

दादासाहेब काँग्रेसचेच होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. इंग्लंडात अध्यक्ष झालेला सभासद पक्षाचा राजीनामा देतो. मावळंकरांचे मत असे होते की, आपल्याकडे ती पद्धत एकदम आणता येणार नाही. अध्यक्षाने पक्षात राहावे, मात्र पक्षाच्या बैठका, वाद आणि प्रचार यांपासून दूर राहावे. अध्यक्षाविरुद्ध निवडणुकीत कोणी उभे राहू नये, म्हणजे त्याला कोणाच्या उपकाराखाली राहावे लागणार नाही, असा संकेतही रुजावा यासाठी विधिमंडळांच्या अध्यक्षांच्या परिषदांतून प्रयत्न झाले. तो संकेत आपल्याकडे रुजला नाही.

पक्षाचा माणूस असूनही त्यांनी सरकारला कुठे अडवले, याचे ठळक उदाहरण वटहुकुमांचे आहे. संसद चालू नसताना तातडीची गरज पडली, तर राष्ट्रपतींच्या सहीने वटहुकूम काढता येतो. सरकारला ही वाट सोयीची वाटू लागली. अधिवेशन तोंडावर आले असतानाही वटहुकूम निघत. १९५० साली मावळंकरांनी संसदीय कामकाजाच्या मंत्र्यांना आणि १९५४ साली थेट पंतप्रधानांना याबद्दल लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, फार मोठी निकड असल्याशिवाय वटहुकूम काढणे लोकशाहीला धरून नाही. आज आपण जे करू तेच उद्या रूढ होईल. पहिल्या लोकसभेवर तर वळण घालून देण्याची विशेष जबाबदारी आहे. आज सरकार कोणत्याही पक्षाचे असो, वटहुकुमांवर टीका करणारे संसदेत मावळंकरांच्या या पत्राचा आधार घेतात.

याच मापाने त्यांनी विरोधकांनाही अडवले. इंग्रजांच्या राज्यात सरकारला झोडपण्यासाठी तहकुबीच्या सूचना उठसूट आणल्या जात, कारण दुसरे हत्यारच नव्हते. आता सरकार लोकांनी निवडलेले आहे आणि चर्चेचे इतर मार्गही आहेत. तेव्हा सगळे काम थांबवून चर्चा करण्याची मागणी अगदी अपवादाच्या प्रसंगी व्हावी, असा निर्णय त्यांनी दिला. विरोधी बाकांना हे रुचले नाही.

आणखी एक निर्णय आजही वादाचा आहे. अधिकृत विरोधी पक्ष म्हणून मान्यता मिळण्यासाठी पक्षाचे निदान सभागृहाच्या एक दशांश इतके सभासद असावेत, असे त्यांनी ठरवले. सभा चालू ठेवायला लागणारी गणपूर्ती एक दशांशाची, म्हणून पक्षाचे बळही निदान तेवढे असावे, हा त्यामागचा हिशेब. त्यामुळे पहिल्या लोकसभेत कोणालाच ती मान्यता मिळाली नाही. विरोधी पक्षनेत्याविषयी १९७७ साली स्वतंत्र कायदा झाला, तरी हा एक दशांशाचा वाद अधूनमधून डोके वर काढतोच. काहींच्या मते या नियमाने आधीच दुबळ्या विरोधकांना आणखी दुबळे केले. काहींच्या मते त्यामुळे पक्षांना एकत्र येण्याची गरज कळली. आमच्या मंडळातही यावर दोन मते आहेत आणि चहाच्या कपाबरोबर ती ऐकायला मिळतात.

अध्यक्षांवरच चर्चा

विरोधकांची नाराजी शेवटी सभागृहात आली. डिसेंबर १९५४ मध्ये समाजवादी सभासद विघ्नेश्वर मिसिर यांनी अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. अध्यक्ष निःपक्षपाती राहिलेले नाहीत, असा आरोप होता. लोकसभेच्या अध्यक्षाविरुद्धचा हा पहिला ठराव.

घटनेचा नियम असा की, अशा ठरावावर चर्चा चालू असताना अध्यक्षाने खुर्चीत बसायचे नाही. १८ डिसेंबर १९५४ रोजी खुर्चीत उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार होते. ज्यांनी सभासदांना बोलण्याचा हक्क दिला, त्यांच्याविरुद्धच तो हक्क वापरला जात होता. चर्चेत पंतप्रधान बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी आपल्या पक्षाच्या सभासदांना सांगितले की, यात पक्षाचा कोणताही आदेश नाही, ज्याला जसे वाटेल तसे त्याने मत द्यावे. ठराव फेटाळला गेला.

एरवी चरित्रांत असे प्रसंग गाळले जातात किंवा विरोधकांना नावे ठेवून मोकळे होतात. आम्हाला वाटते की, दादासाहेबांच्या कामाची खरी परीक्षा याच दिवशी झाली. त्यांनी घालून दिलेल्या नियमांनी, त्यांच्याच सभागृहात, त्यांच्यावरचा आरोप रीतसर ऐकला गेला. आरोप करणारे लोक मूठभर होते आणि तरीही त्यांना उभे राहून बोलता आले. ते पुरते बरोबर होते की चूक, हा प्रश्न वेगळा. बोलता आले, हे महत्त्वाचे.

सभागृहाबाहेर

संसदेबाहेरही त्यांचा व्याप मोठा होता. कस्तुरभाई लालभाई आणि अमृतलाल हरगोविंददास यांच्याबरोबर त्यांनी अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी उभी केली. गुजरातला स्वतःचे विद्यापीठ असावे ही कल्पना मांडणाऱ्यांत ते होते. ते विद्यापीठ १९४९ साली झाले. गांधीजींच्या मागे त्यांच्या कार्यासाठी उभ्या राहिलेल्या निधीचे आणि कस्तुरबा स्मारकाचे कामही त्यांनी पाहिले. नेमबाजी शिकणाऱ्या आपल्या मुलांना मावळंकर स्पर्धा ठाऊक असते. ती यांच्याच नावाची. देशाच्या रायफल संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते.

डिसेंबर १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालावर लोकसभेत चर्चा झाली. मुंबई कोणाची, महाराष्ट्र आणि गुजरात एक राहणार की वेगळे होणार, यावरून दोन्हीकडे भावना पेटल्या होत्या. जानेवारीत मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. याच काळात लोकसभेच्या अध्यक्षपदी कोकणातल्या घराण्यात जन्मलेला, बडोद्यात पहिला श्वास घेतलेला आणि अहमदाबादच्या गुजराती मतदारांनी निवडून दिलेला माणूस होता. दोन भाषिक राज्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या अशा माणसाची घालमेल आपल्यासारख्यांना न सांगता कळते. १९६० नंतर अनेकांनी आपल्यालाही विचारले आहे की, तुम्ही नेमके कुठले?

त्या जानेवारीतच दादासाहेबांना हृदयविकाराचा झटका आला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. वय ६७. त्यांच्यामागे अनंतशयनम् अय्यंगार अध्यक्ष झाले. अहमदाबादच्या रिकाम्या झालेल्या जागेवर दादासाहेबांच्या पत्नी सुशीलाबाई लोकसभेवर गेल्या. त्यांचे चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर राज्यशास्त्राचे प्राध्यापक. १९७२ साली ते अहमदाबादेतून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि आणीबाणीत, बरेच विरोधक तुरुंगात असताना, सभागृहात उभे राहून तिच्याविरुद्ध बोलले. वडिलांनी जपलेल्या सभागृहाचा उपयोग मुलाने असा केला.

आपण काय करू शकतो

नेहरूंनी दादासाहेबांना लोकसभेचे जनक म्हटले. दिल्लीत त्यांच्या नावाचे सभागृह आहे. अहमदाबाद तर त्यांना आपलेच मानते आणि ते योग्यच आहे. बडोद्याचा हक्क जन्मापुरता. पण आपल्याकडे बाळंतपणाला माहेरचे घर मोठे मानतात, तसा हा हक्कही लहान नाही.

आमच्या दोन साध्या सूचना आहेत. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन आणि दुसऱ्याच दिवशी, २७ नोव्हेंबरला, दादासाहेबांची जयंती. या दोन दिवसांना जोडून मुलांची एक अभिरूप लोकसभा भरवावी. एकाने मंत्री व्हावे, एकाने अवघड प्रश्न विचारावा, आणि एकाने खुर्चीत बसून दोघांनाही नीट बोलू द्यावे. तिसरे काम सर्वांत कठीण आहे, हे मुलांना तासाभरात कळेल. आणि २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांना वंदन करताना बाजूला एक तसबीर दादासाहेबांचीही असावी.

पुढच्या वेळी लहरीपुऱ्याच्या गर्दीत मुलांचा हात धरून चालताना न्यायमंदिराशी दोन मिनिटे थांबा. आपल्या या गावात जन्मलेला एक मराठी मुलगा देशाच्या सभागृहात सर्वांचे ऐकून घेण्यासाठी बसला होता, एवढे त्यांना सांगा. बाकीचे ते घरी आल्यावर विचारतीलच.